वस्तीची भूक राजाच्या पोटात

एक होती हौसा. पण तिच्याआधी राजाचं सांगायला हवं, कारण गोष्टीत पहिला मान राजाचा असतो. मला ते पटत नाही, पण रिवाज आहे. तर एक होता राजा. पाय पोटाशी घ्या आणि ऐका.

हा राजा दुष्ट नव्हता, बरं का. दुष्ट असता तर परवडलं असतं, दुष्टाला माणूस ओळखून असतो. हा होता भोळा आणि खवय्या. आपल्या ताटात जे आहे ते सगळ्यांच्याच ताटात असणार, असं त्याला मनापासून वाटायचं. त्यानं एक मोठं तळं खणायला काढलं. त्या कामावर चाळीस घरं आली आणि तिथंच माळावर झोपड्या बांधून राहिली. मजुरी काय, तर दर बाजाराच्या दिवशी घरटी एक पायली जोंधळा. पायली म्हणजे चार शेर. घरात तोंडं दोन आहेत की दहा, हे कुणी विचारायचं नाही.

त्या चाळीस घरांत एक घर हौसाचं. तिच्या घरात तोंडं सात. ती, तिचा नवरा कोंडू, म्हातारी सासू आणि चार पोरं. धाकटी तानी, चार वर्षांची, फार बडबडी. आता सात तोंडं, सात दिवस आणि चार शेर जोंधळा. पुरायचा कसा? पण हौसा पुरवायची. दोडका मिळाला तर आज त्याच्या गराची भाजी आणि उद्या त्याच्या शिरांची चटणी. लाल भोपळा मिळाला तर उकडून भाकरीच्या पिठात मळायचा, म्हणजे चाराच्या पाच भाकऱ्या होतात. तेल तर ती कधी ओतायचीच नाही. कापडाची पुरचुंडी तेलात बुडवायची आणि तव्यावरून फिरवायची, झालं. बांधावरची घोळ, तांदुळजा, शेवग्याचा पाला, जे जे फुकटचं हिरवं ते तिच्या ओटीत. आणि हाताला चव अशी, की तिची फोडणी बसली की चार झोपड्यांपलीकडची माणसं बोलता बोलता थांबायची.

तिला राग यायचा, बरं का. दिवसभर मातीच्या पाट्या वाहायच्या आणि घरी येऊन मुठीमुठीनं पीठ मोजायचं, म्हटल्यावर कुणालाही येईल. पण ती तो गिळायची. सासू सांगायची, "रागानं रांधू नये गं हौसे. रागाचं अन्न अंगी लागत नाही." मग हौसा चुलीपुढं बसण्याआधी एक मोठा श्वास घ्यायची, राग खाली ढकलायची आणि पीठ मळायला घ्यायची.

एकदा काय झालं, राजा तळ्याचं काम बघायला आला. भर दुपार होती. हौसानं कुळथाच्या पिठल्याला लसणाची फोडणी दिली, आणि तो वास गेला थेट राजाच्या नाकात. राजा घोड्यावरून उतरला आणि वासामागं चालत झोपडीच्या दारात आला.

आता दारात आलेल्याला जेवा म्हणायची आपल्यात रीत आहे. सासूनं पोरांना डोळ्यांनी खुणावलं. पोरं गुपचूप बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसली. कोंडू म्हणाला, "बसा महाराज. आम्ही आत्ताच जेवून उठलो." खोटं. कुणी घास घेतला नव्हता. पण पाहुण्यासमोर असंच म्हणायचं असतं. राजा बसला आणि पाच भाकऱ्या जेवला. पिठल्याचं पातेलं तर पुसून खाल्लं. मग बोटं चाटत विचारलं, "कशाचं गं हे?"

"कुळथाचं, महाराज. मूठभर पीठ आणि तीन तांबे पाणी."

"आणि ही चटणी?"

"दोडक्याच्या शिरांची."

राजाला गहिवरून आलं. आमची रयत किती गुणी, म्हणाला. बाहेर भिंतीला टेकलेली चार पोरं त्याला जाताना दिसली. त्यानं त्यांच्याकडे बघून हात हलवला आणि घोड्यावर बसला.

मग राजवाड्यात गेल्यावर त्यानं दिवाणाला बोलावलं. "आपल्या मुदपाकखान्यात शंभर माणसं राबतात, तरी असं जेवण होत नाही. ती बाई मूठभर पिठात करते. मग त्या लोकांना पायलीभर जोंधळा लागतो कशाला?" दिवाण म्हणाला, "महाराजांची नजर फार बारीक." दिवाण दुसरं काय म्हणणार. पुढच्या बाजाराला घरटी चारऐवजी तीनच शेर मापून मिळाला. आणि हौसाला काय मिळालं, तर एक भरजरी शालू. शिपायानं तो तिच्या हातात ठेवला. हौसानं उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"हा शिजतो का?" तिनं विचारलं.

शिपाई हसला. तुम्ही हसू नका, ती विनोद करत नव्हती. विकायचीही सोय नव्हती. राजाची भेट विकली तर फटके बसायचे.

मग दुसऱ्या खेपेला राजा राणीला घेऊन आला. ये गं, तुला गंमत दाखवतो, म्हणाला. गंमत! लोकांच्या चुलीत काय गंमत असते, सांगा बरं. हौसानं ठरवलं, आज असं रांधायचं की राजा पुन्हा इकडं फिरकू नये. तिनं मिठाची मूठ भरली आणि अंबाडीच्या भाजीवर धरली. पण हात उघडेना. राजाच्या पानातून उरेल ते पोरांना मिळणार होतं. खारट भाजी राजा टाकून जाईल, पोरं कशी टाकतील? तिनं मीठ परत मडक्यात टाकलं. चिमूटभरच घातलं. अंबाडीत जोंधळ्याच्या कण्या शिजवल्या, वर लसूण परतून टाकला, आणि भाजी झाली नेहमीसारखी फक्कड.

राणीनं दोनदा घेतली. राजानं चारदा घेतली. पोरांना काही उरलं नाही.

"यात तेल कुठं दिसत नाही," राणी म्हणाली.

"नाहीच घातलं बाईसाहेब. नुसती तेलाची पुरचुंडी तव्यावरून फिरवली."

"ऐकलंस?" राजा म्हणाला. "तेलसुद्धा लागत नाही." आणि पुढच्या बाजाराला दोन शेर. शिवाय गावोगाव दवंडी. हौसाबाई दोन शेरांत सात माणसांचं घर चालवते, तिच्याकडून शिका, आणि जिला दोन शेर पुरत नाहीत ती बाई उधळी समजावी. होय, उधळी. घासातला घास काढून पोरांना देणाऱ्या बायांना दवंडी पिटून उधळी म्हटलं. मला ही गोष्ट माझ्या आजीनं सांगितली तेव्हाही मी इथं उठून बसले होते.

मग वस्तीच हौसावर उलटली. शेजारीण ठकू तिच्या दारात येऊन उभी राहिली. कडेवरचं मूल रडत होतं. ठकू म्हणाली, "तुझ्या हाताला आग लागो. तू चवीचं रांधलंस म्हणून माझी पोरं उपाशी निजतात." राजावर रागवायला सगळ्या घाबरत होत्या. हौसा हाताशी होती. असंच होतं नेहमी. वरच्यानं मारलं की माणूस शेजारच्याला मारतो.

आणि घरात काय झालं, तानी बोलेनाशी झाली. आधी ती दिवसभर, आई भूक, आई भाकरी, आई अजून दे, असं मागे लागायची. आता कोपऱ्यात बसून माती उकरायची. पोर भूक भूक करून रडतं तोवर फार भ्यायचं कारण नसतं, बरं का. ते मागायचं थांबलं की भ्यावं. हौसानं तिच्या दंडाला हात लावला, तर बोटं एकमेकांना भिडली.

त्यात राजाच्या तिसऱ्या खेपेचा निरोप आला. दसऱ्याच्या दिवशी राजा साऱ्या दरबारासह वस्तीवर येणार. हौसानं एका शेरात आठवड्याचं घर कसं चालतं ते त्याच शेरातलं रांधून दाखवायचं. राजाला जेवण आवडलं की चाळीसही घरांना शेरच मिळणार, कायमचा. रांधलं नाही तर कोंडू कामावरून बंद. आणि वाईट रांधलं तर ते मुद्दाम केलं असं धरणार.

"जाऊ दे गं," कोंडू म्हणाला. "राजा आहे तो."

"तुमचं जाऊ दे, जाऊ दे म्हणता म्हणता दोन शेर गेले," हौसा म्हणाली. "आता तानी जाईल."

कोंडू खाली मान घालून बसला. तो वाईट नव्हता, पण त्याला जाऊ दे याशिवाय काही येत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी हौसा पाला आणायला बांधावर गेली. तर बांध मोकळे. चाळीस घरांनी घोळ ओरबाडली होती, तांदुळजा मुळासकट नेला होता, शेवग्याच्या नुसत्या काड्या राहिल्या होत्या. तिला मिळाली चिंचेची चार बुटकं. ती घेऊन ती घरी आली आणि चूल पेटवायला बसली. लाकडं ओली. फुंकून फुंकून डोळ्यांत धूर गेला. नेहमीसारखा तिनं मोठा श्वास घेतला, राग खाली ढकलायला गेली, आणि तो जाईना. आत जागाच उरली नव्हती.

तिनं फुंकणी भिंतीवर भिरकावली. म्हणाली, "तो जेवतो, आणि माझी लेकरं बाहेर बसून त्याच्या तोंडाचा आवाज ऐकतात. आणि मी त्याला म्हणते, अजून घ्या महाराज. मी म्हणते! माझ्याच तोंडानं!"

"मग हे मला कधी सांगितलं नाहीस ते," कुणीतरी म्हणालं.

कोण बोललं? चूल बोलली. चुली बोलतात, बरं का. आपण फुंकत असतो म्हणून ऐकू येत नाही. आवाज कसा, तर वाळक्या काटक्या मोडल्यासारखा.

"मला लाकूड घालतेस, गोवरी घालतेस," चूल म्हणाली. "राग तेवढा आपणच गिळतेस. तो घाल की माझ्यात. ओल्या लाकडापेक्षा चांगला जळेल."

हौसानं डोळे पुसले. "सासूबाई म्हणतात, रागाचं अन्न अंगी लागत नाही."

"खरंच आहे," चूल म्हणाली. "नाहीच लागत. मग आज कुणाच्या अंगी लागायला हवंय तुला?"

हौसानं परात पुढं ओढली.

पहिली भाकरी थापताना ती मोठ्यानं म्हणाली, "ही माझ्या तानीची भूक." चुलीत जाळ झाला. दुसरी थापताना म्हणाली, "ही ठकूच्या पोरांची भूक." जाळ तव्याबाहेर आला. तिसरी थापताना म्हणाली, "ही चाळीस घरांच्या बायांची भूक, ज्यांना उधळ्या म्हटलं त्यांची." आणि जाळ असा चढला की सासू बाहेरून ओरडली, छप्पर पेटेल. पेटलं नाही. चिंचेचं सार उकळलं, वर मिरची तडतडली. सगळं रांधून होईपर्यंत हौसा एकदाही गप्प बसली नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलली. सासू दारात उभी राहून ऐकत होती, पण तिनं अडवलं नाही.

दरबार आला. दरबार बघायला, राजा जेवायला. राजानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. इतकी चव त्यानं जन्मात चाखली नव्हती. पहिली भाकरी संपली, आणि त्याला वाटलं, आपण अजून जेवायला बसलोच नाही. दुसरी संपली, आणि पोटात खड्डा पडला. तिसरी संपली, आणि त्याचे हात कापायला लागले.

"अजून वाढ," राजा म्हणाला.

"संपलं महाराज. एका शेरातून एका दिवसाला एवढंच येतं."

मग राजा घोड्यावर बसून राजवाड्यात धावला. भाताची हंडी खाल्ली. खड्डा मोठा झाला. लाडवांची परात खाल्ली. खड्डा आणखी मोठा झाला. वैद्यानं चूर्ण दिलं, तर राजानं चूर्ण खाल्लं आणि चूर्णाची पुडीही खाल्ली. तीन दिवस तो जेवत होता आणि तीन दिवस गालफडं बसत चालली होती. भूक म्हणजे काय असते ते त्याला तेव्हा कळलं. पोटात दुखतं, हे तर सगळ्यांना माहीत असतं. पण डोकं चालत नाही, चिडचिड होते, लहान मुलाच्या हातातलं हिसकून घ्यावंसं वाटतं, आणि मग स्वतःचीच लाज वाटते. हे सगळं राजाला झालं. झालं ते बरंच झालं.

चौथ्या दिवशी तो वस्तीवर चालत आला. घोड्यावर बसायची ताकद नव्हती.

"हौसा," तो म्हणाला, "माझ्या पोटात काय घातलंस?"

"तुमचंच तुम्हाला वाढलं, महाराज. तुम्ही आमचे दोन शेर काढून नेलेत. त्यांच्या जागी ही भूक ठेवून गेला होतात."

दिवाण पुढं झाला. "हिला कैद करा."

"तू गप्प बस," राजा म्हणाला. "मला भूक लागलीय." मग हौसाकडे वळून हात जोडले. "उतरव गं ही. मागशील ते देतो."

"ती तुम्ही जेवून उतरणार नाही," हौसा म्हणाली. "ज्यांची आहे ते जेवले तर उतरेल. कोठार उघडा."

राजानं कोठार उघडलं. गाड्या आल्या. जोंधळा, डाळ, गूळ, तेलाचे बुधले. चाळीस चुली एकदम पेटल्या. आणि त्या दिवशी पुरचुंडी नाही, बरं का. तेलाची धार. पिठलं घट्ट, भात मऊ, भाजीत खोबरं. राजा बाजूला एका दगडावर बसून होता. त्याला कुणी वाढलं नाही. वास मात्र येत होता.

आधी पोरं बसली. एकेक पोर जेवून उठलं की राजाच्या पोटातली कळ थोडी सैल व्हायची. तानी पान पुसून बसली होती. तिनं वर बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "आई, अजून दे." हौसाच्या हातातला डाव खाली पडला. तिनं तो उचलला, लुगड्याला पुसला आणि तानीला वाढलं.

मग पुरुष उठून बसायला लागले, तर हौसा म्हणाली, "आधी म्हाताऱ्या माणसांना आणि बायांना बसू द्या. तुम्ही वाढा." कोंडूनं पंचा खोचला आणि वाढायला लागला. सांडलं फार, पण वाढलं. ठकू हौसाशेजारी येऊन बसली. माफी मागितली नाही, पण आपल्या पानातला गुळाचा खडा तिच्या पानात ठेवला. मग पुरुष जेवले, मग दरबारी जेवले. सूर्य कलायला लागला, आणि सगळ्यात शेवटी राजाला पान मांडलं.

हौसानं पातेलं आणलं. तळाशी करपलेली खरवड होती आणि टोपलीत एक भाकरीचा तुकडा. राजानं पातेल्यात वाकून बघितलं.

"एवढंच उरलं?"

"शेवटच्या पंगतीला एवढंच असतं, महाराज," हौसा म्हणाली. "घरोघरच्या बाया रोज याच पंगतीला बसतात."

राजानं खरवड तुकड्याला लावली आणि खाल्ली. आणि पोटातला खड्डा बुजला. तीन दिवस हंड्या रिचवून बुजला नव्हता, तो त्या तुकड्यानं बुजला, कारण आता वस्तीत भुकेलं कुणी उरलंच नव्हतं.

पुढच्या बाजारापासून घरटी माप बंद झालं आणि तोंडं मोजून जोंधळा मिळायला लागला, तोंडामागं दोन शेर, तान्ह्यालासुद्धा. राजा कुणाकडे पाहुणा गेला की आधी बाहेरची पोरं आत बोलवायचा, मग पाटावर बसायचा. हौसाचा राग गेला का, म्हणाल, तर गेला नाही, आणि का जावा? तानीचे दंड भरायला पुरतं वर्ष लागलं. पण वर्षानं ते भरले, आणि हौसा, कोंडू, म्हातारी, पोरं, ठकू आणि सगळी वस्ती दोन्ही वेळा पोटभर जेवून सुखानं राहिली.

झाली गोष्ट. आता डोळे मिटा. आणि कुणाला भूक असेल तर आत्ताच सांगा, लाजायचं नाही, मी उठते आणि करून देते. नाही ना? खरं सांगा. बरं, मग झोपा.